बोटीवर जप्त झालेला अडकित्ता

मी अडकित्ता बोलतोय. कळंबच्या खैरुनबीचा अडकित्ता. तोंड उघडायचं आणि मिटायचं एवढंच काम मला जन्मापासून लावून दिलेलं आहे, तेव्हा मी बोलतो याचं नवल वाटून घेऊ नका. गोड बोलेन अशी अपेक्षाही ठेवू नका. माझी उभी हयात रोठा सुपारीशी झुंजण्यात गेली. नरम जिनसांशी माझा फारसा परिचय नाही.

हल्लीच्या घरांत तुम्ही मला पाहिलंही नसेल. सुपारी आता कातरून, पुडीत भरून मिळते. ती चघळणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांच्या तोंडाची चव त्यांच्यापाशी.

मला घडवलं तेर गावच्या एका लोहारानं. एका मोडक्या जीपचा पाटा त्याच्याकडं पडून होता, त्यातून माझं पातं निघालं. म्हणजे मुळातच मी रस्त्यावरचा, फिरस्ता. मुठी पितळेच्या केल्या आणि दोन्ही टोकांना पोपट काढले. त्याचा हात लोखंडावर बसलेला, पितळेवर नव्हे. त्यामुळे माझे पोपट कावळ्यांसारखे दिसतात. कुणी हसलं तर हसू दे. एका कावळ्याच्या डोळ्याजागी आरपार भोक आहे, तेही चुकून पडलेलं. ते पुढं कामाला आलं.

खैरुनबीच्या वडिलांनी तिच्या लग्नात पानदान दिलं आणि पानदानात मला ठेवलं. ती तेव्हा हडकुळी पोर होती. मला उचलून तिनं पहिली सुपारी कातरली तेव्हा अर्धं खांड उडून नवऱ्यामुलाच्या फेट्यावर जाऊन पडलं होतं. तेव्हापासून आम्ही बरोबरीनं म्हातारे झालो. म्हणून मी तिला अहो-जाहो करत नाही.

तिचा नवरा मुनवर मणेर. कळंबच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या मागंच घर. बाईचा हात नुसता हातात घेतला की खैरुनबी तिचं माप सांगायची. बांगडी भरताना एखादी पिचली की बायकांचा जीव चरकतो. अशा वेळी खैरुनबी आधी माझ्याकडून सुपारी कातरून घ्यायची, बाईच्या हातावर ठेवायची आणि मगच दुसरी बांगडी उचलायची. तेवढ्यात बाईचा जीव ठिकाणावर यायचा.

या घराचा आणखी एक रिवाज होता, आणि तो नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. कुणाला 'नाही' म्हणायचं असेल तर आधी त्याच्या हातावर सुपारी ठेवायची. घरी आलेलं स्थळ परत पाठवायचं असो, नाही तर भावकीतल्या कुणाचा हट्ट मोडायचा असो. तोंड कोरडं ठेवून नकार द्यायचा नाही, असं खैरुनबीची सासू म्हणायची. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. खैरुनबीनं बटव्यात हात घातला आणि माझा आवाज आला, की समोरचा माणूस ओळखायचा, आपलं काम काही होत नाही. लोक मला भीत असत, हे मी अभिमानानं सांगतो.

मुनवर गेला आणि घर एकदम मोठं झालं. एकुलता एक मुलगा अल्ताफ पुण्याला नोकरीला. त्याचा तिथं फ्लॅट, बायको सबिहा, सगळं नीटनेटकं. पोरगा वाईट नाही. पण आई एकटी राहते या विचारानं त्याला घोर लागलेला. दर खेपेला यायचा तो एकच धोशा घेऊन. दुकान बंद करा, घराला कुलूप लावा, पुण्याला चला. त्यानं दाताच्या कण्या केल्या आणि दर खेपेला त्याच्या हातावर सुपारी पडली.

मुनवर असताना दरवर्षी दोघं गल्लीतल्या लोकांसोबत बसनं दर्ग्यांच्या जियारतीला जायचे, कधी गुलबर्ग्याला, कधी हैदराबादला. मुनवरनंतरच्या साली ती नाव द्यायला गेली, तर बस नेणारे म्हणाले, सोबत मुलगा असेल तर या, एकटी बाई आम्ही नेत नाही. इतकी वर्षं ज्यांच्या बसमध्ये तिनं सगळ्यांना पानं लावून दिली, ते हे म्हणाले. घरी येऊन तिनं एवढी सुपारी कातरली की माझ्या पात्याला चटका बसला.

समोरच्या घरात प्रेमाबाई राहतात, आडत व्यापाऱ्याच्या घरच्या. रोज दुपारी त्या आमच्या दुकानात पान खायला येतात. त्यांनीच सांगितलं, त्यांचा भाचा मुंबईहून बोटीवर फिरून आला. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत. राहणं, खाणं, सगळं बोटीवर.

"कंपनी कोन्ती म्हनं?" खैरुनबीनं विचारलं.

"सागरतारा का कायतरी. आपल्याकडं कुनी नावबी ऐकलं न्हाय."

"एकट्या बाईला नेत्यात का ते?"

"खैरुन, त्यांना आधार कार्ड लागतंय. नवरा-पोरगं न्हाय."

झालं. आयुष्यात जिनं मांजरा धरणापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं, तिनं प्रेमाबाईंच्या भाच्याकडून समुद्राचं तिकीट काढलं. कंपनी अनोळखी, माणसं अनोळखी, बोटीवर कुणाला काय म्हणायचं तेही माहीत नाही. पण ओळखीच्यांनी दार लावलं होतं ना, मग अनोळखी दार वाजवायला तिला कसली भीती?

अल्ताफ धावत आला. सबिहाही आली. खूप बोलाचाली झाली. शेवटी अल्ताफ म्हणाला, "अम्मी, तुम्ही एकट्या राहू शकता म्हणता ना? मग एकट्या जाऊन एकट्या येऊन दाखवा. आलात, तर पुण्याचं नाव काढणार नाही. पण अर्ध्यातून मला बोलावणं आलं, तर घर बंद. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली आणि घराची चावी त्याच्या हातात दिली. "मी येईस्तवर तुझ्यापाशीच ठेव."

तर असा हा सौदा होता. बोटीवरची मजा वगैरे लोक म्हणतात ती मजा नव्हती, घर पणाला लागलं होतं.

मला तिनं पेटीत टाकलं नाही, नेहमीसारखं बटव्यात घालून कमरेला खोचलं. घोटाळा झाला तो इथंच. मुंबईच्या बंदरावर तपासणीची एक चौकट होती. खैरुनबी तिच्यातून गेली आणि चौकट ओरडली. दोन बायकांनी तिला बाजूला घेतलं, बटवा उघडला आणि मला उजेडात धरलं.

"माँजी, ये हथियार है."

"हत्यार न्हाय बाई, माझ्या दाढा हायत त्या. बगा." तिनं तोंड उघडून दाखवलं.

उपयोग झाला नाही. मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर तिच्या खोलीचा नंबर चिकटवला आणि सांगितलं, बोट सोडून जाताना परत मिळेल. लग्नापासून कधी मी तिच्यापासून एक दिवस लांब राहिलो नव्हतो. आणि आता तिच्या एवढ्या परीक्षेच्या वेळी माझ्या तोंडालाच प्लास्टिक बांधलं.

बोटीवर मला चौकशीच्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात डांबलं. तिथं आणखी कैदी होते. दोन चाकू, एक पाणी उकळायची किटली आणि एक इस्त्री. इस्त्री फार तक्रारखोर. आपण कुठल्या बंगल्यातल्या आहोत हे ती सारखं ऐकवायची. तेव्हा बोट मी पाहिली नाही, हे आधीच सांगतो. मी बोट ऐकली.

टेबलावर एक मुलगी बसायची, महेश्वरी नावाची. उमरग्याकडची, फोनवर घरच्यांशी कानडीत बोलायची. पहिल्याच संध्याकाळी खैरुनबी तिच्यापुढं येऊन उभी राहिली.

"पोरी, पश्चिम कुठं आली?"

"कशाला आजी?"

"नमाज पडायची हाय."

महेश्वरीनं मोबाइलमध्ये बघून दिशा दाखवली. नंतरच्या नमाजाला खैरुनबी परत हजर.

"मघाशी तर पश्चिम जिन्याकडं व्हती. आता गेली कुठं?"

"बोट वळली आजी."

"आमच्या घरी पश्चिम जागची हलत न्हाय बग. हितं सारखी फिरतीया."

महेश्वरी हसली. गाव विचारलं, कळंब ऐकून तिला आनंद झाला. मग प्रत्येक नमाजाला खैरुनबी यायची, पश्चिम विचारायची आणि जाताना कपाटाकडं बघून म्हणायची, "आमचा बरा हाय न्हवं?" मी आतून ऐकायचो. उत्तर देता यायचं नाही.

रात्री तिच्या पोटात ढवळलं होतं, ते तिनं सकाळी हळूच सांगितलं आणि लिंबू मागून नेलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. जेवणाचं विचारलं तर म्हणाली, "जेवन लई हाय. पर कोनी कुनाला वाढत न्हाय. ताट घिऊन ज्यानं त्यानं फिरायचं. मी बाजूच्या बाईला वाढाया गेले, तर ती घाबरली." पण त्याच बाईनं नंतर तिला वरच्या मजल्यावर नेलं आणि तिथून चारी बाजूंनी पाणी दाखवलं. एवढं सांगून ती टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांनी बगायला पायजे व्हतं." मुनवरबद्दल बोलत होती.

त्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर तिला राहवलं नाही. "पोरी, एक सुपारी कातरू दे. तुझ्यासमोर कातरते आन् तुझ्याच हातात देते. अख्खी सुपारी तोंडात फिरवून फिरवून हिरड्या सोलल्या माझ्या."

महेश्वरीनं इकडं तिकडं पाहिलं आणि कपाट उघडलं. तिचं चुकलं, हे मला मान्य आहे. मला बाहेर काढलं, खैरुनबीच्या तळहाताची ऊब लागली आणि माझं भान सुटलं. दीड दिवसाच्या उपाशी तोंडानं मी त्या सुपारीवर असा तुटून पडलो की खांड उडालं आणि थेट मागून येणाऱ्या साहेबाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर बसलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. पण त्याला दिसलं ते एवढंच, की एक म्हातारी टेबलाशी पातं उघडून उभी आहे. जप्त केलेली वस्तू बाहेर कशी आली, प्रवाशांना धोका, नियम, सगळं तो बोलला. महेश्वरी खाली मान घालून उभी. तेव्हा खैरुनबी मध्ये पडली. "पोरीला बोलू नका. मीच मागितला."

साहेबानं तिच्या तिकिटावरचा घरच्यांचा फोन नंबर बघितला आणि अल्ताफला फोन लावला. नको तेच झालं. अर्ध्यातून बोलावणं गेलं, आणि ते माझ्यापायी.

"त्यांना गोव्याला उतरवा," फोनमधून अल्ताफचा आवाज आला. "मी घ्यायला येतो. अम्मी, बस झालं आता. ऐकताय ना?"

मला वाटलं आता ती बटव्यात हात घालणार. पण बटव्यात मी नव्हतो, मला साहेबानं परत कपाटात टाकलं होतं. खैरुनबी फोनकडं वाकली. मग म्हणाली, "ये. गोव्याला ये."

कपाटाचं दार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला तरी 'नाही' म्हणायच्या जागी 'ये' म्हटलं होतं. त्या इस्त्रीनं काहीतरी टोमणा मारला. मी तिला उत्तरही दिलं नाही. मी मुळापासून खचलो होतो.

सकाळी बोट गोव्याला लागली. महेश्वरीनं मला पिशवीतून काढून खैरुनबीच्या हातात दिलं, कारण बोट सोडून जाणाऱ्याची वस्तू परत द्यायचा नियमच होता. "सामान कुठं आहे आजी?" तिनं विचारलं.

"खोलीत हाय. राहू दे थोडं."

महेश्वरीनं तिच्या मोकळ्या हातांकडं पाहिलं, गळ्यातल्या बोटीच्या कार्डाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. पोरगी हुशार.

बंदराच्या फाटकाबाहेर बाकावर अल्ताफ बसला होता. रातोरात गाडी हाकून आलेला, डोळे लाल. आईला बघून तो उठला आणि तिला जवळ घेतलं. त्याचं तोंड अगदी लहानपणी बाजारात हरवून सापडला होता तेव्हासारखं झालं होतं. मला त्याची दया आली, हेही खरं सांगतो.

"चला अम्मी. गाडी तिकडं आहे. सामान?"

"बस जरा."

ती बाकावर बसली. बटव्यातून शेवटची सुपारी काढली आणि मला उघडलं. अल्ताफनं माझा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा पडला. त्याला कळलं. तिनं बारीक खांडं केली, पुढं होऊन त्याचा हात धरला आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"अम्मी, सौदा झाला होता. बोलावणं आलं की घर बंद."

"बोलावनं तुला कुनी धाडलं? म्या धाडलं का? तक्रार त्यांची हाय, माझी न्हाय. मला पोटात ढवळलं, तरी तुला फोन केला न्हाय. पश्चिम सापडंना, तरी केला न्हाय."

"ते चाकू-बिकू म्हणत होते. मी किती घाबरलो, माहिती आहे?"

"ठाऊक हाय रे. तुझा जीव लागतोय माझ्यात, म्हनून तर सुपारी दिली. न्हाय तर नुसती वळून गेले असते."

सुपारी तशीच अल्ताफच्या हातात. मग खैरुनबीनं मला मिटवलं, पदरानं पुसलं आणि, ऐका आता, मला त्याच्या दुसऱ्या हातात ठेवलं.

"हा तू घिऊन जा. ह्याच्यावरनंच समदं झालं न्हवं? आता माझ्यापाशी जप्त करन्यासारखं कायबी न्हाय. कोन तुला फोन करंल ते बगते."

आणि ती निघाली. फाटकातून आत, कार्ड दाखवून, बोटीच्या दिशेनं. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. एकदाही वळून पाहिलं नाही तिनं, ना पोराकडं, ना माझ्याकडं.

मला राग आला. अजूनही थोडा आहे. माझ्यासाठी ती चौकटीशी भांडली, टेबलाशी भांडली, आणि शेवटी मलाच सोडून गेली. पण अल्ताफच्या खिशात पुण्याच्या वाटेला लागल्यावर मला उमगत गेलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, 'नाही' मी म्हणतो, ती नुसती मला धरते. तसं नव्हतं. पुढच्या पाण्यावर ती माझ्याशिवाय गेली आणि तिचं काही अडलं नाही.

पुण्यात माझे हाल झाले. सबिहानं मला वापरून दुधाची पिशवी फोडली. मग एकदा अक्रोड फोडला. जीपच्या पाट्यातून जन्मलेल्या, लोक ज्याला भीत अशा अडकित्त्यानं दुधाची पिशवी फोडावी. ती बिचारी सहज करत होती, तिला माझा इतिहास काय माहीत. पण मी तो अपमान विसरणार नाही.

ठरलेल्या दिवशी अल्ताफ कळंबला आला. एका खिशात चावी, दुसऱ्यात मी. कुलूप लावलेल्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. प्रेमाबाई समोरून चहा घेऊन आल्या. "आली न्हाय अजून?" असं दोनदा विचारून गेल्या. त्यांच्याही जिवाला चैन नव्हतं.

खैरुनबी एसटीनं आली. स्टँडवरून चालत, हातात पेटी. तोंड उन्हानं करपलेलं, चपलेत वाळू. फोन केला नव्हता, कुणाला स्टँडवर बोलावलं नव्हतं. पेटी तिनं पायरीवर ठेवली आणि हात पुढं केला.

"चावी."

अल्ताफनं दिली. तिनं स्वतः कुलूप काढलं. दारं उघडली, आतल्या बांगड्यांवर उजेड पडला. मग ती वळली.

"आन् माझा अडकित्ता?"

त्यानं मला तिच्या हातावर ठेवलं. तिनं अंगठा पात्यावरून फिरवला आणि भुवया चढवल्या. "दुधाचा वास मारतोय ह्याला." अल्ताफ ओशाळला. तिनं डब्यातली सुपारी काढून मला लावली. मी मुद्दाम कुरकुरलो, सरळ कातरली नाही. ती हसली. "रुसलास व्हय रे? बरं, रूस." आणि दुसऱ्यांदा दाबलं, तेव्हा मात्र मी कातरली. किती ताणायचं?

त्या दिवशी अल्ताफला सुपारी मिळाली नाही. त्यानं काही मागितलंच नाही. जेवला, आईकडून लक्षद्वीपच्या निळ्या पाण्याचं ऐकलं, इथंच पश्चिमेला तोंड करून नमाज पढला आणि पुण्याला गेला.

आता मी परत बटव्यात आहे. पातं झिजलंय, खिळा ढिला झालाय, धारवाला महिनोन्‌महिने फिरकत नाही. पुढल्या साली बोटीवर जाताना मला घरीच ठेवायचं असं तिनं प्रेमाबाईंना माझ्यादेखत सांगितलं. दोघी मिळून जाणार आहेत. जाऊ देत. मी घर राखीन.

कारण माझ्या कावळ्याच्या डोळ्यात जे भोक आहे, त्यात तिनं आता दोरा ओवून घराची चावी अडकवली आहे. म्हणून तुम्हाला, म्हाताऱ्या आयांच्या सगळ्या काळजीवाहू लेकरांना, माझं एवढंच सांगणं आहे. भेटायला या. पान खा. दोन दिवस राहा. पण ज्याला ही चावी हवी असेल, त्यानं आधी माझ्या तोंडात हात घालावा.